शीलाताईंच्या हातचं पाणी

‘चर्चबाहेर तारण नाही,’ हे लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात मी पाठ केलं होतं. लग्न होऊन बडोद्याला आले आणि तेच वाक्य मला छळू लागलं. कारण शेजारच्या शीलाताई. पाणीगेटला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. रोज देवपूजा करणाऱ्या, कोणाच्याही दुखण्याखुपण्याला धावून जाणाऱ्या या बाईला प्रभू दूर लोटील? चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेला गुडघे टेकले की हेच मनात यायचं, आणि फादरांना विचारायचा धीर होत नसे.

दुसऱ्या खेपेला सातव्याच महिन्यात माझं ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली, पण तिचा श्वास टिकेना. डॉक्टरांनी आशा सोडली तसे हे फादरांना आणायला धावले. मी गुंगीत होते. काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळाजवळ शीलाताई एकट्याच होत्या.

फादर येईपर्यंत बाळ गेलं होतं. मी शुद्धीवर आले ती ‘बाप्तिस्म्याविना गेली माझी लेक, तिला आता तारण नाही’ असा आक्रोश करत. शीलाताई खाटेशी आल्या.

“पोरी, रागावू नकोस. तिचा श्वास चालू होता तेव्हा मी तिला पाणी घातलं.”

मला काही कळेना. फादरांनी हळूच विचारलं, “कसं घातलंत, ताई?”

“हिच्या मुलाच्या वेळी तुम्ही घातलं होतं ने, तसंच. नर्सबेनला विचारून, थोडंसं, डोक्यावर तीनदा. नाव ठरलं नव्हतं, म्हणून तुमच्या देवाच्या आईचं घेतलं. म्हटलं, मरिया, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देते.”

“आणि मनात काय होतं तुमच्या?”

“तुमच्या चर्चमध्ये जे होतं तेच हिचं व्हावं. दुसरं काय असणार?”

फादर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “संस्कार झाला आहे, बाळ. अशा निकडीच्या वेळी कोणीही तो देऊ शकतं, स्वतःचा बाप्तिस्मा न झालेलं माणूससुद्धा. चर्च तो पूर्ण मानतं.”

त्या दुःखातही माझ्या अंगावर काटा आला. जिच्या तारणाची मला काळजी, तिच्याच ओंजळीतून प्रभूची कृपा माझ्या लेकीपर्यंत पोचली होती. मी त्यांचा हात धरून कपाळाला लावला. रडू येत होतं, पण आता त्या रडण्यात कसलंही भय उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कब्रस्तानात शीलाताई अवघडून सगळ्यांच्या मागे उभ्या राहिल्या. प्रार्थना संपल्यावर फादरांनी पहिली मूठमाती द्यायला त्यांना पुढे बोलावलं. त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि अंगाई म्हणावी तशा काहीतरी पुटपुटत माती सोडली.

तारणाचं कोडं मला आजही उलगडलेलं नाही. आता ते मी प्रभूच्या पायाशी ठेवते आणि माझ्या मरियाबरोबर शीलाताईंचंही नाव घेते. पुढचं तो जाणे.