मामांचं अडलेलं बिल

अमेरिकेच्या संसदेची खुद्द अमेरिकेत कुणी केली नसेल इतकी काळजी लंडनच्या हॅरो उपनगरातल्या एका घरात बसून एक निवृत्त गृहस्थ करत असत, आणि माझं नशीब असं की ते गृहस्थ माझ्या बायकोचे मामा होते. दोन हजारच्या दशकातली ती वर्षं. बायकोला पुण्यातच ठेवून मी लंडनच्या एका बँकेत येऊन पडलो होतो. आठवडाभर मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये उभं राहून जीव विटायचा, आणि रविवारी मामांकडे आयतं गरम जेवायला जावं, तर वरणभाताबरोबर पानात अमेरिकेचं करविधेयक पडायचं. ते खालच्या सभागृहात संमत झालं का, सिनेटमध्ये कुणी अडवलं, दोन्ही मसुद्यांत किती फरक राहिला, हे सगळं ऐकल्याशिवाय मामी ताक वाढत नाहीत, असा माझा बरेच दिवस समज होता. हॅरोचा स्वतःचा खासदार कोण, हे विचारलं तर मामांना आठवावं लागे.

मामांनी उभी हयात कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, पार्किंग खात्यात काढली होती, त्यामुळे जगातली कुठलीही राज्यघटना ते गाड्यांच्या भाषेत समजावून सांगत. सिनेटचा एखादा सभासद तासन्‌तास बोलत राहून विधेयक अडवू शकतो, हे मला पटेना. तेव्हा मामा म्हणाले, "अहो जावईबापू, डबल यलो लाइनवर, म्हणजे जिथे गाडी लावायलाच बंदी, तिथे गाडी लावलेला माणूस आतच बसून राहतो आणि म्हणतो, 'निघतोच आहे.' तसं हे." तिथल्या दोन पक्षांची नावं ते घेत नसत. पक्षांच्या निशाण्यांवरून एक हत्तीवाले आणि दुसरे गाढववाले, एवढंच. संध्याकाळी इकडे चहाची वेळ झाली की तिकडे कामकाज सुरू होई, आणि मामा कॉम्प्युटरसमोर बसून ते थेट बघत. बरेचदा पडद्यावर रिकामं सभागृह आणि हजेरीची नावं पुकारणारा एक कंटाळलेला कारकून एवढंच दिसे. मामा तेही बघत. मग उठून मामींना सांगत, "ना हत्ती हलतोय, ना गाढव." मामी म्हणत, "मग तुम्ही तरी हला, कोथिंबीर आणायची आहे." वेम्बलीला ईलिंग रोडवर भाजी घेताना त्यांनी एकदा गुजराती दुकानदाराला करसवलतींची मुदत वाढवावी की नाही, असं विचारलं होतं. त्या भल्या माणसाला वाटलं की हे उधारीचं काहीतरी चाललंय, आणि त्याने घाईघाईने मेथीची एक जुडी फुकट दिली.

हे वेड उपजत नव्हतं, मुलापायी लागलेलं होतं. मामांचा मोठा मुलगा हॅरोत वाढला, इथेच शिकला आणि नोकरीसाठी अमेरिकेला गेला. लोक ज्यावर आपली करविवरणं भरतात, ते सॉफ्टवेअर त्याची कंपनी बनवायची. तिकडे काही करसवलतींची मुदत वर्षअखेरीला संपते आणि त्या वाढवायच्या की नाहीत, हे ठरवायला ती दोन्ही सभागृहं डिसेंबर अर्धा सरेपर्यंत भांडत बसतात. विधेयक संमत झाल्याशिवाय आकडेमोड पक्की करता येत नाही, आणि ती पक्की झाल्याशिवाय मामांच्या मुलाला रजा मिळत नाही. नाताळाच्या सुट्टीत यायचं जमलं नाही, की पुढे विवरणं भरायचे महिने लागतात आणि मग वर्ष बुडालंच. एवढ्या मोठ्या देशाच्या तिजोरीचं काय व्हायचं ते होवो, मामांच्या दृष्टीने त्या विधेयकात एकच कलम होतं: मुलगा घरी येतो की नाही.

त्यामुळे या घरातली दिवाळी पंचांगावर चालत नसे, सिनेटवर चाले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मामी फराळ करायच्या, पण त्यातला थोडाच बाहेर निघायचा. बाकीचे डबे टेप लावून कपाटात जायचे. करंज्यांचं सारण तयार असायचं, पण तळायच्या त्या बिल पास झाल्यावरच. पुढच्या खिडकीत आकाशकंदील लागे तो मुलगा येऊन जाईपर्यंत उतरत नसे. शेजारच्या इंग्रज आजीबाईंना तो नाताळाचा वाटे, आणि ही मंडळी सणाची तयारी किती आधी करतात म्हणून त्या कौतुक करत. धाकटी मुलगी लीड्सला हॉस्पिटलात डॉक्टर होती. तिची भाऊबीजही अशीच भिजत पडायची. एकदा ती वैतागून आपल्या इंग्रजी वळणाच्या मराठीत मला म्हणाली, "माझा फ्लॅटमेट विचारते, तुमचा दिवाळी नक्की कधी असतो? मी काय सांगू, अमेरिकेला विचार?" तरी भाऊ येणार म्हटलं की ती ड्यूटी बदलून, गर्दीची ट्रेन पकडून धावत यायची, आणि डिसेंबरच्या थंडीत हीटर लावून त्या भावाला अभ्यंगस्नान घडायचं. त्या दिवशी मामा अमेरिकेबद्दल अवाक्षर काढत नसत.

एका वर्षी विधेयकाचं फारच भिजत घोंगडं पडलं, तेव्हा मामांनी थेट मुलगा राहत होता त्या राज्याच्या सिनेटरच्या कचेरीत फोन लावला. मी तिथेच बसलो होतो. पलीकडच्या मुलीने शिरस्त्याप्रमाणे झिप कोड विचारला. मामांनी बाणेदारपणे हॅरोचा पोस्टकोड सांगितला. ती बिचारी दोनदा तपासून म्हणाली असावी की हा आमच्या राज्यातला नाही. मामा शांतपणे इंग्रजीत म्हणाले, "बरोबर आहे. पण माझा मुलगा तुमच्या राज्यात आहे आणि मी त्याचा बाप आहे." ती काय म्हणाली कुणास ठाऊक, पण फोन ठेवल्यावर मामा कुणी न सांगताच कोथिंबीर आणायला गेले. त्या वर्षी बिल नाताळ होऊन गेल्यावर संमत झालं. मुलगा आला नाही. मामींनी डबे उघडले, तर चकल्यांना वास येत होता.

पुढचं वर्ष उजाडलं आणि आक्रीत घडलं. डिसेंबर नुकताच लागला होता, आणि मी ट्रेनमध्ये पेपरच्या आतल्या पानावर कोपऱ्यातली बातमी वाचली की ते करविधेयक दोन्ही सभागृहांत संमत झालं, सहीसुद्धा झाली. मला स्वतःचीच गंमत वाटली. हॅरोच्या नादाने मलाही हत्ती आणि गाढव एका गोठ्यात बघून आनंद व्हायला लागला होता. रविवारी गेलो तर घरात तुपाचा वास. मामा स्वतः वेम्बलीला जाऊन नवीन कंदील घेऊन आले होते. मामी करंज्या तळत होत्या. आम्ही पानावर बसणार, तेवढ्यात अमेरिकेहून फोन आला. मामांनी तो पॅसेजमध्ये घेतला. मी हात धुवायला उठलो होतो, म्हणून मला ऐकू आलं. मामा आधी हसले, मग नुसतं "हं, हं" म्हणत राहिले. मग म्हणाले, "स्कीइंगला? मित्रांबरोबर? नाही रे, राग कसला. पुढच्या वर्षी ये." त्यांनी रिसीव्हर ठेवला. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाले, "अगं, घोडं परत अडलं. सिनेटने दुरुस्ती सुचवलीय. आता पुन्हा खाली जाणार."

ज्या माणसाने कार्यपद्धतीतली एक चूक माझ्या तोंडून कधी खपवून घेतली नाही, त्याने असं धडधडीत खोटं सांगितलं. मामींनी झारा खाली ठेवला आणि मला विचारलं, "खरं का हो?" मामा माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "हो मामी. त्या सिनेटचं काही सांगता येत नाही." जेवताना आम्ही तिघं इतके नेमस्त बोललो की तसं त्या घरात कधीच बोललो नव्हतो.

निघताना मामी करंज्यांचा डबा द्यायला दारापर्यंत आल्या. आत मामा टीव्ही लावत होते. मामी हळूच म्हणाल्या, "बिल पास झालंय, मला माहीत आहे. तो यायचा नाही, हेही माहीत आहे. लेकीचा सकाळीच फोन आला होता. पण यांना कळू देऊ नका हं. यांना वाटू दे, मला काही ठाऊक नाही." मी विचारलं, मग एवढ्या करंज्या तळल्या कशाला. त्या म्हणाल्या, "सारण करून ठेवलं होतं ना. आणि हे कंदील घेऊन आले होते." स्टेशनपर्यंत चालताना मला त्या मुलाचा राग येत होता, आणि माझ्या आईला मी किती दिवसांत फोन केलेला नाही, तेही आठवत होतं. त्यामुळे राग फार वेळ टिकला नाही.

त्यानंतर कामाच्या रगाड्यात माझं जाणं झालं ते थेट मार्चमध्ये. बाहेर डॅफोडिल्स आले होते आणि खिडकीत कंदील तसाच होता, उन्हाने थोडा फिका पडलेला. शेजारच्या आजीबाईंनीही त्याबद्दल बोलणं सोडलं असावं. कॉम्प्युटर बंद होता, वर मामींनी विणलेलं झाकण घातलेलं. राजकारणाचं नाव काढलं की कान किटले म्हणणाऱ्या मामी चहा घेऊन मामांच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "काय म्हणतंय आज तुमचं सिनेट?" मामांनी चष्मा पुसला. मग त्यांनी सविस्तर सांगायला सुरुवात केली. हत्तीवाल्यांतला कुणी एक म्हातारा उठलाय, सकाळपासून बोलतोय, खालीच बसत नाही, आणि तो बसेपर्यंत मतदान घेता येत नाही. मामी मन लावून ऐकत होत्या.

"बोलू दे त्याला," त्या म्हणाल्या. "आपल्याला कुठे घाई आहे." आणि त्यांनी मामांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.