गावाच्या रकान्यातला हुकूम

रविवार, सकाळचे दहा. हजर: अंबादासअण्णांच्या पत्नी पद्मावहिनी, त्यांची संगणकाचं शिकणारी मुलगी श्रावणी आणि मी. काम: अण्णांच्या संगणकावरची रक्तदात्यांची यादी ताब्यात घेणे. अण्णांना जाऊन तीन आठवडे झाले होते. ही यादी आम्ही दोघांनीच चालवली, त्यामुळे हजेरीत त्यांचं नाव नसताना टिपण लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ...

अण्णा चादरींच्या कारखान्यात संगणक विभाग सांभाळायचे. मी शाळेतली कारकून. प्रोग्रॅमिंग त्यांच्याकडूनच शिकले. दुर्मीळ रक्तगटाच्या दात्यांनी वेबसाइटवर नाव, गाव, पत्ता, फोन भरायचा आणि गरज पडली की आम्ही तो नंबर शोधून द्यायचा. रक्त हवं असलेल्यांचे फोन अण्णांच्या नंबरावर यायचे, आणि ते स्वतःही यादीतले दाते होते. फॉर्म मी लिहिला होता. लोकांनी भरलेला मजकूर मी डेटाबेसला द्यायच्या हुकमात जसाच्या तसा जोडत होते, आणि चालतंय म्हणून खुशीत होते. एका दुपारी अण्णा माझ्या खुर्चीत बसले, गावाच्या रकान्यात एक ओळ टाइप केली आणि म्हणाले, "यादीबाई, आता यादी दाखवा." मी सगळ्याच्या याद्या करते म्हणून हे नाव.

यादी रिकामी. अण्णांनी आधीच काढून ठेवलेली प्रत शांतपणे परत चढवली. "मी गाव लिहिलंच नाही, सगळं पुसायचा हुकूम लिहिला. तुमच्या प्रोग्रॅमने तो पाळला."

मी लगेच माझ्या पद्धतीने उपाय केला. अशा हुकमांत येणाऱ्या धोक्याच्या चिन्हांची यादी केली; त्यातलं एकही दिसलं की फॉर्म नाकारायचा. आठ दिवसांनी केम गावाहून एका बाईंचा फोन आला. "लई येळा भरलं की ओ, घेतच न्हाय. माझं रगत चालत न्हाय का?" गट ओ निगेटिव्ह. पत्त्यात त्यांनी घराचं नाव अवतरणचिन्हांत लिहिलं होतं, जसं आपण सगळेच लिहितो. अवतरणचिन्ह माझ्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं.

अण्णा पोट धरून हसले. "चोरांची यादी केली आणि पाहुण्यांनाच हाकललंत की." मग शिकवलं. हुकूम आधी पुरा ठरवून डेटाबेसकडे द्यायचा आणि त्यात माहितीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं ठेवायची. माणसाने भरलेलं नंतर, वेगळं द्यायचं. मग कुणी काहीही लिहो, ती माहितीच राहते. केमच्या बाईंची नोंद अवतरणचिन्हांसकट गेली, आणि पुढे मोहोळच्या एका बाळंतिणीला त्यांचंच रक्त मिळालं.

नोंद बदलायचं पान मात्र जुन्या पद्धतीचंच राहिलं. अण्णांनी ते बंद करायला लावलं. नीट लिहा, मी वाचतो, मग उघडू, म्हणाले. मी आज-उद्या करत राहिले.

त्या रविवारी वहिनींनी सांगितलं, परवा ह्यांच्या फोनवर ओ निगेटिव्हसाठी कुणाचा तरी फोन आला होता. "ते गेले, एवढंच सांगितलं. दुसरं कुणाचं नाव सांगता आलं नाही..."

अण्णांचा फोन मी घरी घेऊन आले. तो आता माझ्या टेबलावर चालू असतो. पान त्याच रात्री लिहिलं, सगळी प्रश्नचिन्हं जागेवर. पण लिहिणाऱ्याने स्वतःचं तपासायचं नाही, हा आमचा नियम. श्रावणी वाचते आहे. दोनदा तिने परत पाठवलं, बरोबरच पाठवलं. ती हो म्हणेल तेव्हा पान उघडेल आणि त्यातून पहिली नोंद तिच्या वडिलांची बदलेल. आज सकाळपर्यंत तिने हो म्हटलेलं नाही. यादीत अण्णांच्या नावापुढे अजून 'उपलब्ध' आहे.