दिलेला शब्द

महिन्यातून एका संध्याकाळी माने डॉक्टर भर उन्हाळ्यातही काळा सूट घालून मलकापूरहून सांगलीची एसटी पकडायचे. एरवी गोठ्यात शेणामातीत बसणारा हा जनावरांचा डॉक्टर चपटी चामडी पेटी घेऊन निघाला, की लोक कुजबुजायचे, "चालला भूतबंगल्याला." पेटीत कवटी असते, असंही म्हणायचे.

दवाखान्यात मी त्यांचा सहकारी. एकदा धीर करून विचारलंच. त्यांनी पेटी उघडली. आत पांढरा एप्रन होता, सांगलीत फ्रीमेसनांच्या सभेत बांधायचा. त्यांच्या सभागृहालाच लोक भूतबंगला म्हणत.

"फ्रीमेसन म्हंजे मुळात गवंडी रं. तिकडं इंग्लंड-स्कॉटलंडात मोठाली चर्चं बांधणाऱ्या पाथरवटांच्या संघटना हुत्या म्हणं. पुढं दुसरी माणसंबी त्यांत शिरली. दगड ऱ्हायला बाजूला, हत्यारं शिकवणीला ऱ्हायली. गुण्यासारखं सरळ वागायचं, कर्कटकानं आपल्या हावेला रिंगण घालायचं. देव मानणारा कुठल्याबी धर्माचा चालतो. आत धर्मावर, राजकारणावर भांडायचं न्हाई. अडल्याला हात द्यायचा."

"मग गुपित कसलं?"

"एकमेकाला ओळखायच्या खुणा. शब्द दिलाय, म्हणून सांगत न्हाई. बाकी झाकण्याजोगं काय न्हाई, गड्या."

पुढे त्यांचा एकुलता एक मुलगा पाटणच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडून गेला. दहाव्याला मेहुणा सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजी, त्या भूतबंगल्यानंच पोराचा बळी घेतला." डॉक्टरांच्या बायको, आमच्या काकू, त्या वाक्यानं आतून पोखरल्या गेल्या.

"आवं, आत काय करता ते समदं सांगा," एका दुपारी त्या माझ्यासमोरच म्हणाल्या. डॉक्टरांनी सगळं सांगितलं. प्रार्थना, विधी, जेवण. खुणांपाशी थांबले.

"तेवढंच का झाकता?"

"शब्द दिलाय, सुमन."

"आनि मला दिल्याला?"

त्याच आठवड्यात काकू भावाकडे पाटणला गेल्या, त्या गेल्याच. डॉक्टरांनी सांगलीला जाणं सोडलं, पण खुणा सांगितल्या नाहीत. पाटणला जाऊन आले की म्हणायचे, "दार उघडलं तिनं. बोलली न्हाई." कामात चूक नव्हती, पण माणूस वाळत गेला. गेल्या थंडीत हृदयविकारानं ते गेले.

मातीला काकू आल्या. सांगलीहून सभेतले काहीजण आले होते. त्यांतल्या सगळ्यांत वृद्ध अशा शेख वकिलांसमोर काकू जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, त्यांनी सांगितलं न्हाई, ते लय मोठं हुतं का?"

वकील म्हणाले, "नाही वहिनी. फार लहान होतं."

काकू खाली बसल्या. "एवढंसं हुतं," त्या म्हणाल्या, "तर सांगायचं हुतं की वं."

त्या कोणाशी बोलत होत्या, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.