एकेचाळिसावा श्लोक आणि बुटक्या स्प्रिंगा

या भूतलावर मला परमेश्वराच्या सर्वाधिक समीप जर कोणी नेले असेल, तर ते माझ्या गुरूंनी नव्हे, तीर्थक्षेत्रांनीही नव्हे, तर आमच्या व्याह्यांनी; आणि तेही ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने. मी जन्माने कोकणातला, पाठशाळेत वाढलेला आणि उदरनिर्वाहासाठी सिल्वासाच्या शाळेत संस्कृत शिकवणारा. ते धुळ्याकडचे, एका सूतगिरणीत यंत्रांच्या देखभालीचे फोरमन. सिल्वासातल्याच टोकरखाड्यात आमची घरे दोन गल्ल्यांच्या अंतरावर होती. माझी कन्या त्यांच्या चिरंजीवांना दिल्यापासून माझ्या शांत आयुष्यात जो कंप सुरू झाला, तो पुढे कित्येक वर्षे थांबला नाही.

व्याह्यांना कोणतीही वस्तू तळहाताने दाबून पाहिल्यावाचून तिच्यावर विश्वास ठेवता येत नसे. मुलगी पाहायला आले तेव्हा बसण्यापूर्वी त्यांनी आमचा पलंग चारही कोपऱ्यांवर दाबला, आणि तो किती वेळा हलतो हे मान कलती करून न्याहाळले. आमच्या ओसरीवरच्या झोपाळ्याविषयी त्यांचे मत फार वाईट होते. "हे तर थांबतच नाही व्याहीबुवा, याच्यावर माणूस बसतोच कसा?" असे म्हणून ते जमिनीवर बसले. त्यांच्या लेखी जगातील साऱ्या गुणांची एकच कसोटी होती. "दाबलं की एकदा खाली, एकदा वर, आन् मग गप. बराबर?" हीच कसोटी ते माणसांना, सरकारी अधिकाऱ्यांना आणि मुहूर्ताच्या वेळी रुसून बसलेल्या माझ्या मेहुण्यालाही लावीत. मेहुणे त्या कसोटीस उतरले नाहीत.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस या गृहस्थांनी दमणच्या एका जुन्या घरातून दोन दारांची, परदेशी बनावटीची, शर्यतीच्या वळणाची एक तांबडी मोटार मिळवली. जहाजावर नोकरीस असलेल्या त्यांच्या पुतण्याने तिच्यासाठी बुटक्या आणि कडक स्प्रिंगा आणून दिल्या. त्या बसवल्यावर मोटार भुईला असे काही लगटून उभी राहिली की तिच्यात बसणे म्हणजे पाटावर बसण्यासारखेच झाले. परंतु स्प्रिंगेची उसळी आवरणारे जे नळकांडे असते, ज्याला ते 'शॉकअप' म्हणत, ते जुनेच राहिले होते. त्या कडक स्प्रिंगांना ते पुरे पडेना आणि मोटार बेडकासारखी उड्या मारू लागली. मग पुतण्याने नवे शॉकअपही आणले. ते कमीअधिक कडक करता येत. मात्र त्यासाठी प्रत्येक वेळी ते मोटारीतून काढावे, दांडा पूर्ण आत दाबून पाव फेरा फिरवावा आणि पुन्हा बसवावे, असा विधी होता. फार सैल ठेवले तर उडी, फार आवळले तर एका खड्ड्यात दबलेली मोटार वर येण्याआधीच दुसरा खड्डा. तंबोऱ्याची तार लावावी तसे त्यांचे हे लावणे रविवारमागून रविवार चालले.

हा त्यांचा छंद त्यांच्यापाशीच राहिला असता, पण त्याच सुमारास माझ्या कन्येला दिवस गेले होते. जावई वनखात्यात असल्याने ती दोघे खानवेलला राहत. सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितले की प्रकृती नाजूक आहे, प्रसूतीसाठी आताच सिल्वासाला आणून ठेवा, आणि वाटेत धक्का म्हणून लागू देऊ नका. बस आणि जीप दोन्ही बाद झाल्या. तेव्हा व्याही शांतपणे म्हणाले, "सुनबाईला मी आणतो. माझी गाडी बराबर लावतो." मला त्या बेडूकउड्या आठवल्या. पण मुलीचा बाप मी. व्याह्यांना नाही कसे म्हणावे? घरी मी हळूच म्हटले, तर पत्नी उत्तरली, "अहो, तुम्हाला बैलगाडीचीही भीती वाटते. तुमचं कोण ऐकणार?" पंचांग पाहून मी गुरुवारचा प्रातःकाळ काढून दिला. मधे तीन रविवार होते.

परीक्षेसाठी मागच्या आसनावर माझी योजना झाली, कारण प्रवासाच्या दिवशीही मीच तिथे बसणार होतो. पुढच्या आसनावर, मुलीच्या जागी, तांदळाचे पोते दोरीने बांधले होते. पहिल्या रविवारी माझ्या हाती काठोकाठ भरलेला तांब्या देण्यात आला. किती सांडते त्यावरून धक्का मोजायचा होता. खानवेलच्या वाटेवर, गावाबाहेरच्या वडापाशी त्यांनी वेग घेतला आणि पहिल्याच खड्ड्याला सारे पाणी माझ्या धोतरावर आले. भयाने माझे डोळे मिटले आणि मुखातून नित्यपाठाचे स्तोत्र आपोआप, मोठ्याने सुरू झाले. थांबल्यावर व्याही मागे वळून म्हणाले, "बाराव्या श्लोकाला अडखळले तुम्ही. तिथं उजवं पुढचं चाक आपटलं होतं." क्षणभर विचार करून त्यांनी तांब्या गवतात ठेवून दिला. "हे पाणीबिणी नको. मीटर सापडलं."

तेव्हापासून माझे स्तोत्र हे त्यांचे यंत्र झाले. वडापासून आरंभ करायचा, वेग साठ ठेवायचा आणि मी न थांबता म्हणत जायचे. श्लोकागणिक रस्त्यावरची जागा ठरलेली असे. माझी पोथी त्यांनी मागून घेतली आणि जिथे वाणी अडली तिथे समासात पेन्सिलीने खूण करू लागले. मी संकोचाने म्हणालो, "व्याहीबुवा, ही देवाची पोथी आहे." ते म्हणाले, "मग काय झालं? देवालाबी कळू द्या रस्ता कुठं खराब आहे."

तिसऱ्या रविवारपर्यंत खुणा कमी होत गेल्या. त्या दिवशी चाळीस श्लोक मी निर्विघ्न म्हणालो. मग उताराच्या वळणावर ओढ्यावरची एक उंच मोरी आली. मोटारीची मागची बाजू जी उचलली गेली ती क्षणभर परत आलीच नाही. पुढे बांधलेले पोते आसनापासून वर उठले आणि धपकन खाली बसले. एकेचाळिसावा श्लोक मी गिळला आणि थेट बेचाळिसावा म्हणू लागलो. मोटार थांबवून त्यांनी पोथी उघडली. "कुठं अडलं?"

"कुठेच नाही," मी म्हणालो.

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, ओठांवर भगवंताचे नाव असताना मी असत्य बोललो, ते केवळ एवढ्यासाठी की त्यांनी मला पुन्हा त्या मोरीवरून नेऊ नये. त्यांनी खूण न करताच पोथी मिटली.

पुढचे दोन दिवस मला अन्न गोड लागेना. डोळे मिटले की ते पोते वर उठताना दिसे, आणि त्याला माझ्या मुलीचा चेहरा असे. बुधवारी पहाटे संध्या आटोपून मी त्यांच्या घरी गेलो. सांगावे तरी कसे, हे वाटभर घोकत गेलो. अंगणात पाहतो तो मोटारीची मागची चाके निघालेली, ती लाकडी ठोकळ्यांवर उभी, आणि व्याही शॉकअपचा दांडा दाबून बसलेले.

"व्याहीबुवा," मी म्हणालो, "रविवारी मी खोटे बोललो."

"माहीत आहे ना. एकेचाळिसावा खाऊन गेले तुम्ही." त्यांनी मान वर केली नाही. "रजा टाकून तुमचीच वाट पाहून राहिलो होतो."

"मग त्याच वेळी बोलला का नाहीत?"

"तुमची पोथी, तुमचं तोंड. मी कसा बोलू? पण भीती वाटली तर अडखळायचं व्याहीबुवा. लपवायचं नाही. मीटरच खोटं बोललं तर मी कुठं जाऊ?" एवढे बोलून त्यांनी दांडा पाव फेरा आवळला, दुसऱ्या बाजूचाही तितकाच आवळला आणि विचारले, "बसता?"

मी आपण होऊन बसलो. त्या दिवशी मोरी आली, मोटार एकदा खाली गेली, एकदा वर आली आणि स्थिर झाली. पोते हलले नाही. एकेचाळिसावा श्लोक माझ्या मुखातून अखंड बाहेर पडला आणि मी तेवढ्या भयातही हसलो.

गुरुवारी खानवेलहून निघालो. कन्या पुढच्या आसनावर रेलून बसली होती. मी साठाच्या वेगासाठी अंग आवळून घेतले, पण काटा दहाच्या वर जाईना. सायकलवाले आम्हांला ओलांडून गेले. एक बैलगाडीवाला बराच वेळ आमच्या बरोबरीने चालला आणि गुजरातीत विचारपूस करून पुढे निघून गेला. कन्या म्हणाली, "बाबा, मामंजींना सांगा ना, जरा जोरात घ्या." पण मला आरशात व्याही दिसत होते. कपाळावर घाम होता आणि चक्रावरची बोटे पांढरी पडली होती. तेव्हा माझ्या ध्यानी आले की या तीन आठवड्यांत मोटारीत भ्यालेला मनुष्य मी एकटा नव्हतो.

मोरी समोर आली. या संथ गतीत माझे स्तोत्र केव्हाच संपून पुन्हा आरंभास आले होते. तोच पुढून एक खरखरीत, पुटपुटता स्वर ऐकू आला. ज्यांनी जन्मात कधी देवापुढे ओळ म्हटली नव्हती, ते आमचे व्याही एकेचाळिसावा श्लोक म्हणत होते. नुसत्या कानांनी पाठ झालेला, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत, न अडखळता. मोटार मोरीवरून गेली. कन्येला तोवर झोप लागली होती.

नात सुखरूप जन्मली आणि यथाकाल मोठी झाली. मोटार कुणीतरी वापीला नेली, आणि काही वर्षांनी व्याहीही गेले. कन्येने मला माझी पोथी परत आणून दिली. तिच्या समासात त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, आणि एकेचाळिसाव्यापाशी मात्र काहीच नाही. ती जागा त्यांनी कोरी ठेवली होती. आता मी रोज सकाळी न हलणाऱ्या पाटावर बसून पाठ करतो. चाळीस श्लोक झाले की थांबतो, एका श्लोकाला लागावा तितका वेळ त्यांच्यासाठी जाऊ देतो, आणि मग माझा एकेचाळिसावा म्हणतो.