बाविसाव्या बाकाचं माप

भूतखेत, आत्मा यांवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही नाही. आमचं घर बौद्ध. शिवाय तेवीस वर्षं ड्राफ्ट्समनचं काम — टेपवर येईल तेच लिहायचं. म्हणून घडलं तेवढंच सांगतो.

तेलंगणात मंचेरियलजवळ व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या धाटणीचं एक दगडी चर्च आहे. टोकदार कमानी, अठ्ठावीस इंची भिंती, रंगीत काचा, बायबल ठेवायला पंख पसरलेला पितळी गरुड आणि सागाची बावीस बाकं. बाकं काढून प्लास्टिकच्या खुर्च्या आणायचं कमिटीनं ठरवलं. मापांची यादी मी करायची. यादीत माप असेल तेवढंच लाकूडवाला उचलणार.

चर्च झाडणाऱ्या सारामावशी माझ्या मागे मागे.

"भाऊ, हे शेवटचं तेवढं राहू द्या ना. बाया डावीकडं, माणसं उजवीकडं... चाळीस वर्षं आमचे हे इथं, मी तिकडं. ते गेल्यावर आता कुठं त्यांच्या बाजूला बसून राह्यली, तं बाकच चाललं!"

"कमिटीला सांगा ना, मावशी."

"सांगतलं. म्हणे, एक ठेवलं तं सगळेच मांगतीन."

मला वाईट वाटलं. पण खोटी यादी मी करत नाही.

प्रत्येक माप मी दोनदा घेतो — डावीकडून, मग उजवीकडून. जुळल्याशिवाय कागदावर नाही. एकवीस बाकं जुळली: सात फूट दोन इंच.

बाविसावं मावशींचं. सकाळचे अकरा, लख्ख उजेड. बैठकीवरून डावीकडून टेप सरकवला... चार फुटांवर अडला. खिळा असेल म्हणून वाकून पाहिलं — गुळगुळीत लाकूड. उजवीकडून सरकवला, एक फूट दहा इंचांवर अडला. दुसरा टेप आणला. तेच.

वजाबाकी केली. मधे सोळा इंच — बसलेल्या माणसाएवढे.

मावशी हसल्या, डोळे पुसत. "कोणी कितीबी म्हणो, सरकायची सवयच नव्हती त्यायले."

यादीत बाविसाव्या ओळीत मी लिहिलं — 'माप जुळले नाही'. त्यात खोटं काहीच नव्हतं. लाकूडवाल्यानं एकवीस बाकं उचलली.

परवा रविवारी तिकडून जाताना डोकावलो. खुर्च्यांच्या गर्दीत ते एकच बाक, माणसांच्या बाजूला. डाव्या टोकाला दोन बाया, मग मावशी अंग चोरून. आणि त्यांच्या शेजारी मोकळी सोडलेली थोडी जागा.

टेप खिशात होता. काढला नाही.