भाऊजींच्या यादीतल्या दोन हाना

आमच्या भाऊजींइतका मेलेल्या माणसांचा गोतावळा साऱ्या सोलापूर जिल्ह्यात दुसऱ्या कोणाचा नसेल. मेलेल्या म्हटलं की मात्र ते चिडतात. "मेले नाहीत वहिनी, मारले," असं म्हणून हातातला घाससुद्धा खाली ठेवतात. दूधवाल्याला त्यांनी हे इतक्या वेळा ऐकवलंय, की त्याच्या म्हशीचं रेडकू गेलं तेव्हा तो दारात अडखळत म्हणाला, "सर, रेडकू मेलं. म्हंजी मारलं न्हाय कुणी, आपलं आपणच मेलं." भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. कॉलेजात इतिहास शिकवायचे, लग्न केलं नाही, आणि कित्येक वर्षं आमच्या माडीवर बसून ज्यू लोकांचा इतिहास लिहितात. महायुद्धात जर्मन राजवटीनं त्यांची गावंच्या गावं कशी संपवली, ते. आमचे हे म्हणतात, "ह्याला सोलापुरातली मयतं पुरत न्हाईत." घरात जेवायला आम्ही तिघं, पण माडीवर एवढी माणसं नांदतात की झाडू मारताना मला कोणाच्या तरी पायावरून तो फिरल्यासारखं वाटतं. खरं सांगायचं तर मी दमलेय त्या माणसांपायी.

भाऊजींनी पोलंड देशातलं एकच लहान गाव धरलं आणि तिथल्या मारलेल्या प्रत्येकाचं नाव मराठीत लिहायला घेतलं. माझं माहेर जेऊर, म्हणून मला समजावताना म्हणाले, "जेऊर स्टेशनात गाडी लागली, अख्खं गाव आत कोंबलं, आणि परत एकही माणूस उतरला नाही, असं समजा." तेव्हापासून जेऊरच्या फलाटावर उतरताना मी मान वर करत नाही. जुन्या कागदांत एखादं नाव सापडलं की भाऊजींना जावई घरी आल्यासारखा आनंद होतो. एका दुपारी माडीवरून ओरडले, "वहिनी, शिंपी सापडला!" मी कधीची ब्लाउजला शिंपी शोधत होते. कापड आणि मापाचा ब्लाउज घेऊन लगबगीनं वर गेले, तर हातात एक पिवळा कागद. "हा याकोब. हात चांगला होता म्हणतात," भाऊजी माझ्या कापडाकडं बघत म्हणाले. मग हळूच म्हणाले, "चार वर्षांची मुलगी होती त्याला. हाना." मी कापड घेऊन खाली आले. तो ब्लाउज पुढं वर्षभर शिवला गेला नाही.

ह्या लोकांच्या स्मरणाचा कार्यक्रमही ते दर उन्हाळ्यात ठेवतात. पंख्याखाली बसायला आलेली धरून अकरा माणसं असतात, आणि त्यातलं कोणीतरी विचारतंच, "सर, आपल्याकडं काय माणसं कमी मारलीत व्हय?" भाऊजी म्हणतात, "कमी नाहीत. म्हणून तर हे ऐकून ठेवायचं." मग चहा होतो, आणि कपबश्या मी विसळते.

पुस्तक छापायला दिलं आणि नेमके भाऊजींचे डोळे गेले. काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर आता परत येणार नाही. छापखान्यातून तपासायला आलेले कागद वाचायला त्यांनी एक प्राध्यापक बोलावला. तो भराभरा वाचून तासात निघून गेला. दुसऱ्या दिवशी भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही वाचा."

"मी चौथी शिकलेली बाई."

"म्हणूनच. शिकलेला माणूस अर्धा शब्द बघतो आणि अर्धा मनानं घालतो. तुम्ही बोट ठेवून वाचता."

मग भांडी झाली की मी बोट ठेवून वाचायची, आणि भाऊजी डोळे मिटून प्रत्येक नावामागचं माणूस सांगायचे. यादीला आकडे त्यांनी घालू दिले नव्हते. "आकडे त्यांना तिकडं जर्मनांनी लावून झालेत," म्हणाले. यादीत हाना याकोब दोनदा होती. एक शिंप्याची चार वर्षांची, दुसरी पाववाल्या याकोबची, लग्नाला आलेली.

दुरुस्त्या होऊन कागद शेवटचे आले तेव्हा मी पुन्हा वाचले. हाना एकदाच आली. बोट तिथंच थांबलं. पण मला वाटलं, एवढ्या शिकलेल्या माणसांनी काढलंय म्हणजे काही कारण असेल. मी पुढं वाचत गेले, आणि एवढ्या नावांत भाऊजींच्याही ते ध्यानात आलं नाही. भाऊजी खूश होऊन म्हणाले, "झालं, पाठवा."

दोन दिवस माझी एकही भाकरी धड झाली नाही. तिसऱ्या दिवशी कोणाला न सांगता रिक्षा केली आणि छापखान्यात गेले. कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, "डबल झालतं काकू. नाव तेच, बापाचं नाव तेच. म्हणून मीच एक उडवलं."

"डबल न्हाय. दोघी हायत त्या."

माझा आवाज एवढा चढला की मशीनवरची माणसं वळून बघायला लागली. "एक शिंप्याची, एक पाववाल्याची. उद्या छापून झालं की ती बारकी कुटंच न्हाय ऱ्हाणार."

त्यानं नाव पुन्हा टाईप केलं. मी काचेवर बोट ठेवून दोन्ही मोजल्या. तो हसून म्हणाला, "आता पडदा पुसावा लागंल की काकू." पुसला मात्र नाही.

घरी आल्यावर भाऊजींना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "दोन दिवस गप्प का बसलात?"

"वाटलं, मोठ्या माणसांनी काढलंय म्हंजी बरोबरच असंल."

भाऊजी मग माझ्याकडं नाही, खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "तिथल्या शेजाऱ्यांनाही असंच वाटलं होतं, वहिनी." त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पुस्तक आलं. भाऊजींनी ते हातात घेऊन वास घेतला, पानांवरून तळवा फिरवला आणि मलाच परत दिलं. आता रोज दुपारी ते एक पान वाचायला सांगतात. माझी कंबर दुखत असते, पीठ मळायचं राहिलेलं असतं. तरी ते पान आलं की मी नीट बसते. एक हाना वाचते. थांबते. मग दुसरी वाचते, जरा जास्तच सावकाश. तिला घाईनं उरकलं, असं वाटू नये.