नेम दाजींचा चुकला नव्हता

माझ्या दाजींचा नेम चुकला नव्हता. आमच्या गावात ही गोष्ट कित्येक वर्षं उलटी सांगितली गेली, आणि ती सांगितली जात असताना मी पारावर बसून मुकाट ऐकत राहिलो.

आमचं गाव आष्ट्याजवळ. थोरली बहीण जत तालुक्यात दिली होती. दाजींचं घर मेंढरं राखणारं. तिकडच्या उघड्या माळावर लांडगा कळपात शिरायचा, म्हणून घरात कमठा, म्हणजे बांबूचं धनुष्य, कायमचं असे. कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं आमच्याकडे उसात रानडुकरं माजली होती. गावात बंदूक एकाकडेच, आणि तो माणूस सांगलीला राहायला गेलेला. त्यामुळे उन्हाळ्यात दाजी मेंढरं घेऊन आमच्या बाजूला आले की गाव त्यांना हाक्याला बोलवी. माणसं डबे वाजवत उसात शिरत, डुक्कर ओढ्याकडून बाहेर पडे, आणि तिथे दाजी उभे असत. त्यांच्या बाणाने डुकरं पडू लागली तशी बहिणीला माहेरी पाण्यावरसुद्धा बायका वाट करून देऊ लागल्या.

मला त्या विद्येची हौस लागली. दाजींनी मला पिसं ओळखायला शिकवलं. मोराचं पीस देखणं आणि मऊ, पण दवात भिजलं की बसतं. घारीचं बरं, पण आखूड. गिधाडाचं ताठ, चिवट, पाण्याला दाद न देणारं. दाजी तेच वापरत. मेलेली जनावरं टाकायच्या माळावर तेव्हा गिधाडं पुष्कळ उतरत. मी तिथून पिसं वेचून आणी आणि दाजी त्यांचे दोन ढीग करत. उजव्या पंखाची एकीकडे, डाव्या पंखाची दुसरीकडे. दोन्हींचा वळसा एकमेकांच्या उलटा असतो. एका बाणाला तिन्ही पिसं एकाच पंखाची लावायची, म्हणजे बाण एका अंगाने फिरत सरळ जातो. एक जरी दुसऱ्या पंखाचं लागलं तर तो हवेत शेपूट हलवतो.

आमचा वाद होता तो बाण टेकवायचा कशावर, याचा. दाजी कमठ्याच्या मुठीला शेळीच्या कातड्याची केसाळ पट्टी गुंडाळत आणि बाण तिच्यावर टेकवत. मी माझ्या कमठ्याला म्हशीच्या शिंगाची लहानशी खुंटी बसवली होती.

"बघा तरी दाजी. हात थरथरला तरी बाण जागचा हलत न्हाई."

"व्हय की. बाजच टाकून दिलीया त्याला. निजू द्या."

"चेष्टा करू नगा."

"चेष्टा न्हाई, पाव्हणं. तुमचं मोराचं पीस दबून निसटंल. माझं ताठ हाय, ते शिंगावर आपटंल. माझा बाण त्या खुंटीवर लावू नगा, येवढं ऐका."

बहीण चुलीपुढून म्हणाली, "आवं, त्याला कशापायी सांगताय? नगं म्हटलेलंच करतोय त्यो, ल्हानपणापासनं."

हाक्याच्या आदल्या संध्याकाळी दाजी एकेक बाण तळहातावर फिरवून पाहत आणि मग भात्याचं तोंड बांधत. बांधल्यावर त्याला कोणी हात लावायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. बाण पुन्हा तपासायचेही नाहीत. तपासलं तर हाताचा विश्वास जातो, असं त्यांचे वडील सांगत.

त्या सकाळी दाजी नदीवर अंघोळीला गेले आणि मी भाता सोडला. मला फक्त एकदा, ते नसताना, माझी खुंटी खरी करून पाहायची होती. गोठ्यामागे कडब्याच्या गंजीवर बाण सोडला. गंजीतून काढला तेव्हा एक पीस उपटून लोंबत होतं.

ते उजव्या पंखाचं होतं. कोनाड्यात उजव्या पंखाची पिसं संपली होती, डाव्या पंखाची होती. मी घाईत चुकलो असं म्हणता आलं असतं, पण ते डाव्या पंखाचं आहे हे पाहूनच मी लावलं. नीट कापलं, राळेनं चिकटवलं, वरून दोरा गुंडाळला आणि भाता होता तसा बांधला. इतक्या बाणांत दाजी नेमका तोच कशाला काढतील, असं मनाशी म्हणालो.

त्यांनी तोच काढला. मी त्यांच्या मागेच उभा होतो. बाण शेपूट हलवत गेला आणि डुकराच्या खांद्यामागे बसायचा तो ढुंगणात बसला. जनावर फिरलं आणि परत हाकेकऱ्यांत घुसलं. माझ्याबरोबर तालमीत लढणारा एक जण पुढे होता. त्याची मांडी गुडघ्यापर्यंत फाटली. तो वाचला, पण पुन्हा कधी लाल मातीत उतरला नाही.

लोकांनी कुऱ्हाडींनी डुक्कर मारलं. बाण मीच उपसला, मोडला आणि ओढ्याच्या चिखलात दाबला.

"पाव्हण्याचा हात गेला रं," एक म्हातारा म्हणाला.

दुसरा म्हणाला, "मेंढरंच राखा म्हणावं आता."

दाजी कमठा धरलेल्या स्वतःच्या डाव्या मुठीकडे पाहत होते. "हलला आसंल हात," एवढंच म्हणाले.

मी एक वाक्य बोलायचं होतं. बोललो नाही. दाजींनी एक दुभती शेळी त्या जखमी गड्याच्या दारात नेऊन बांधली आणि आपल्या गावाकडे निघून गेले. कमठा त्यांनी पुन्हा धरला नाही. लांडगा आला तर दुसऱ्याला हाक मारत. बहीण आमच्या गावच्या जत्रेला येईनाशी झाली. दाजी शेवटच्या आजारात होते तेव्हा मी जतला जाऊन राहिलो, पावसापाण्याचं बोललो आणि परत आलो.

यंदा बहिणीला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. हात थांबला.

"मरंस्तवर जेवायला बसलं की डावा हात मांडीखाली घालायचे ह्ये. मी म्हणायची, आवं दुखतोय का? न्हाई म्हणायचे." पुन्हा ज्वारी निवडायला घेत ती म्हणाली, "मला सांगून काय उपेग? जे हसले, त्यास्नी सांग जा."

हसलेले बहुतेक गेले. मांडी फाटलेला तो गडी आहे. त्याच्या अंगणात बसून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तो काठी उगारील.

"पायाचं मी कवाच सोडून दिलंय गड्या," तो म्हणाला. "पर मी तुझ्या दाजीला लय बोललो रं. भर पारावर बोललो. ती शेळी बी घरात घेतली. आता ते म्या कुणाजवळ माघारी घेऊ?"

तो काठीवर भार देऊन उठला. "चल. पारावरच चल. मी बसतो, तू बोल."

पारावर दोघे-तिघे म्हातारे आणि बाकी तरणी पोरं होती. मी उभा राहून म्हणालो, की त्या हाक्याला दाजींचा हात हलला नव्हता, बाण मी बिघडवला होता. म्हातारे खाली पाहू लागले. पोरं एकमेकांकडे पाहू लागली.

"कुठला हाका, आबा?" त्यातल्या एकाने विचारलं. "आन् कोण दाजी?"

मी त्याच्याजवळ बसलो आणि दाजी कोण होते, ते आधी सांगायला लागलो.